डाव मांडणाऱ्याचं देणं

मंडळाचा गणपती असो नाहीतर संक्रांतीचं हळदीकुंकू, जेवणाच्या रांगेत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही आयटीतले ना? आमचे चिरंजीव म्हणतायत, गेम बनवायचाय. सुरुवात कुठून करायची हो?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर निम्मा अभिमान आणि निम्मी काळजी असते. अभिमान याचा की पोरगं नुसतं खेळत नाही, बनवायचं म्हणतंय. काळजी याची की आता या निमित्तानं ते आणखी चार तास स्क्रीनसमोर बसणार!

या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर पानात वरणभात पडेपर्यंत देऊन होतं. मूल आठ ते बारा-तेरा वर्षांचं असेल तर 'स्क्रॅच'. एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ साली हे साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. ते फुकट आहे आणि त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्राम लिहिता येतो. मूल त्याहून मोठं असेल तर 'गोडो'. याची सुरुवात अर्जेंटिनात झाली, २०१४ पासून ते मुक्त स्रोत आहे आणि तेही फुकटच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला गेम छोटा हवा. प्रत्येक नवशिक्याच्या डोक्यात पहिल्याच दिवशी शंभर शहरं, हजार सैनिक आणि उडते ड्रॅगन असतात. पण रांगणाऱ्या बाळाला कोणी रायगड चढायला लावत नाही. दोन फळ्या आणि एक चेंडू, किंवा जुन्या नोकियातला तो साप, एवढं पुरे. कुठल्याही गेमच्या पोटात विहिरीवरच्या रहाटासारखं एक चक्र फिरत असतं: कुठलं बटण दाबलंय ते बघायचं, त्याप्रमाणे वस्तू हलवायच्या, पडदा पुन्हा रंगवायचा. सेकंदाला साठ वेळा म्हणजे दर फेऱ्याला जेमतेम सतरा मिलिसेकंद. हे चक्र एकदा स्वतःच्या हातानं फिरवलं की बाकीचं हळूहळू येतं.

इथवर सगळं सोपं आहे. प्रश्न पुढे सुरू होतात आणि ते रांगेत कोणी विचारत नाही.

दोन फळ्या आणि एक चेंडू म्हणजे 'पाँग'. १९७२ साली अटारी या नव्या कंपनीत अ‍ॅलन अल्कॉर्न नावाचा तरुण इंजिनिअर रुजू झाला. मालक नोलन बुशनेल यांनी त्याला हात बसावा म्हणून हे काम दिलं. त्यानं ते मनापासून करावं म्हणून 'जनरल इलेक्ट्रिकचं कंत्राट मिळालंय' अशी थापही मारली. म्हणजे जगातल्या पहिल्या गाजलेल्या व्हिडिओ गेमचा कर्ताही एक नवशिकाच! आज आपण ज्याला प्रोग्राम म्हणतो तसा त्यात नव्हताच, सगळा कारभार सर्किटचा होता. त्या सर्किटमध्ये एक दोष राहिला. फळी पडद्याच्या वरच्या टोकापर्यंत पोचत नव्हती, तिथे एक फट राहत होती. अल्कॉर्ननं तो दोष दुरुस्त केला नाही, कारण फट नसती तर दोन तरबेज खेळाडूंचा खेळ कधी संपलाच नसता.

हा छोटासा निर्णय मला विचार करण्यासारखा वाटतो. त्या फटीतून पुढे किती लोकांचे चेंडू निसटले असतील, किती जण हरले असतील! कोणी कसं हरायचं हे एका माणसानं, एका खोलीत बसून, त्यांना न विचारता ठरवलं. गेम बनवणं म्हणजे प्रत्येक पावलावर हेच करणं. मग नियम करणाऱ्याचं त्या नियमांत खेळणाऱ्याशी काही देणं असतं का? असलं तर किती?

हा प्रश्न पुस्तकी वाटत असेल तर आमच्या मराठी शाळेतली गोष्ट सांगतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही शाळेतल्या मुलांसाठी काही शनिवार गेम बनवण्याचा वर्ग चालवला. त्यात एका बारा वर्षांच्या मुलीनं फार गोड गेम केला. गणपतीचा उंदीर मोदक गोळा करत फिरतोय आणि मागे मांजर लागलंय. (स्क्रॅचमध्ये मांजर तयारच मिळतं, त्यामुळे खलनायकाचा प्रश्न सुटला.) पाचव्या पातळीवर उंचावर एक सोनेरी दार होतं. उंदराची उडी जिथे संपायची त्याच्या बोटभर वर! हे तिनं मुद्दाम केलं होतं. तिचा आठ वर्षांचा भाऊ अख्खी दुपार त्या दाराशी उड्या मारत होता. दर वेळी "आत्ता थोडक्यात राहिलं!" म्हणायचा आणि पुन्हा सुरू करायचा. शेवटी बहिणीनं गुपित फोडलं, तेव्हा तो जो रडायला लागला तो काही केल्या थांबेना.

तिचा बचाव वकिली होता. "मी कुठे म्हटलं होतं की जिंकता येतं?"

चहाच्या टेबलाशी पालकांचे लगेच दोन तट पडले. एका बाबांचं म्हणणं, बरं झालं, आयुष्यात तरी कुठे सगळी दारं उघडतात? दुसऱ्यांना वाटत होतं की खेळच तो, एवढं काय मनावर घ्यायचं. सहा महिन्यांसाठी नाशिकहून आलेल्या एक आजी कोपऱ्यात शांतपणे लोकर विणत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अगं, दार काढलंस ना? मग 'ये' म्हणालीसच की."

मला आजींचं पटलं आणि ते का पटलं याचा मी बरेच दिवस विचार करतोय.

आपण खोटं बोलणं म्हणतो ते शब्दांचं. त्या मुलीनं खोटा शब्द एकही उच्चारला नव्हता. पण खेळात बोलायला शब्द लागत नाहीत. चकाकणारं नाणं म्हणतं 'मला घे', काटे म्हणतात 'लांब राहा', दार म्हणतं 'इथून पुढे जाता येतं'. ही भाषा तिनं आधीच्या चार पातळ्यांवर स्वतःच भावाला शिकवली होती, कारण तिथली दारं उघडत होती. पाचव्या पातळीवर तिनं तीच भाषा वापरून त्याला फसवलं. ज्यानं विश्वास कमावला त्यानंच तो मोडला तर आपण त्याला थट्टा म्हणत नाही. आयुष्यातली दारं उघडत नाहीत हे खरं आहे, पण ती बंद करून पलीकडे कोणी आपली मजा बघत बसलेलं नसतं. इथे बहीण सोफ्यावर बसून हसत होती.

पुढच्या शनिवारी तिनं एक बदल केला. दार तसंच ठेवलं आणि शेजारी पाटी लावली, 'हे दार उघडत नाही'. भावाचं रडणं थांबलं, पण गंमत म्हणजे खेळणं थांबलं नाही! मांजराच्या हाती लागण्याआधी किती मोदक जमतात याची तो चुरस लावू लागला. थोडक्यात काय, जिंकता न येणं हा दोष नव्हताच. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स' तरी कुठे कोणाला कायमचा जिंकता आला? एक फौज संपली की दुसरी येते. तोमोहिरो निशिकादो यांच्या त्या गेममध्ये शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले वेगानं येतात. खरं तर ते त्या काळच्या यंत्रामुळे होत होतं. कमी आकृत्या काढायच्या म्हणून त्या लवकर हलायच्या आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. पण तिथे हरणार हे खेळणाऱ्याला ठाऊक असतं, किती वेळ टिकतो एवढाच प्रश्न असतो.

आता उलट बाजू बघू. खेळणाऱ्याच्या बाजूनं बोललेलं खोटं चालतं का? गेम बनवणारे असं खोटं सर्रास बोलतात. उड्या मारायच्या गेममध्ये कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यावर उडीचं बटण दाबलं, तर नियमाप्रमाणे माणूस खाली पडायला हवा. पण बहुतेक चांगल्या गेममध्ये तो पडत नाही, सेकंदाच्या एखाद्या तुकड्यापुरता त्याला हवेतूनही उडी मारता येते. रोडरनरच्या कार्टूनमधला तो कोल्हा दरीवर अधांतरी क्षणभर थांबतो ना, त्याच्यावरून याला 'कायोटी टाइम' म्हणतात. २०१८ च्या 'सेलेस्ट' या अतिशय अवघड म्हणून गाजलेल्या गेममध्ये ही सवलत सेकंदाच्या दहाव्या हिश्शाची आहे. खेळणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. त्याला वाटतं, मी अगदी वेळेवर उडी मारली.

हे खोटं मला मान्य आहे. माणसाचा डोळा आणि बोट यांत अंतर असतं. त्याला टोकावरूनच उडी मारायची होती, बोट जरा उशिरा पोचलं. नियमानं बोटाऐवजी मनाचं ऐकलं, इतकंच.

दुसरं उदाहरण मात्र मला तितकंसं पचत नाही. 'सिव्हिलायझेशन'चे कर्ते सिड मायर यांनी २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोत गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत एक गमतीची गोष्ट सांगितली होती. लढाईत तुमची शक्ती तीन, शत्रूची एक, असं पडद्यावर दाखवलं आणि चारातल्या एका वेळेला शत्रू जिंकला, की खेळणारे चिडतात, 'हे कसं शक्य आहे?' म्हणतात. शेवटी त्यांनी गणितच माणसाच्या समजुतीप्रमाणे वाकवलं. व्यापारी दृष्टीनं शहाणपणाचंच ते. पण मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस. पडद्यावर आकडा लिहिला म्हणजे शब्द दिला. तो पाळायचा नसेल तर आकडा लिहूच नये, नुसतं 'जिंकण्याची आशा बरी आहे' म्हणावं!

या बाबतीत आपल्या अंगणातल्या खेळांमध्ये एक व्यवस्था होती. ती मला या सगळ्या तत्त्वज्ञानापेक्षा सरस वाटते. 'कच्चा लिंबू'! लगोरी असो, डबा ऐसपैस असो, कोणाचं तरी शेंबडं भावंडं सोबत असायचंच. त्याला घेतलं नाही तर आईकडे तक्रार जाणार आणि घेतलं तर डावाचा विचका होणार. मग जाहीर व्हायचं, हा कच्चा लिंबू. त्याला पकडलं तरी तो बाद नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. तो आपला पळतोय, लपतोय, ओरडतोय, खूश आहे. यात खोटं कुठेच नाही, कारण सवलत सगळ्यांसमोर ठरलेली असते. सगळ्यांना ठाऊक, बहुधा त्यालाही. आणि एक दिवस तोच पाय आपटून म्हणतो, "मी आता कच्चा लिंबू नाही, माझ्यावर राज्य द्या!" त्या दिवशी तो मोठा होतो. बदाम सात खेळताना हातात पान असूनही 'पास' म्हणत नातवाला जिंकू देणाऱ्या आजोबांना हे साधत नाही. ते प्रेमानंच हरतात, पण नातवाला ज्या दिवशी कळतं त्या दिवशी त्याच्या आधीच्या सगळ्या विजयांवर पाणी फिरतं.

'सेलेस्ट'मध्ये असा जाहीर कच्चा लिंबू आहे. ज्याला झेपत नाही त्यानं मदतीचा पर्याय निवडायचा. गेमचा वेग कमी करता येतो, दमणं बंद करता येतं आणि हे सगळं निवडण्यापूर्वी गेम कसा खेळला जावा असं कर्त्यांना वाटतं तेही सरळ सांगितलेलं आहे.

म्हणून मुलांना मी एक साधी परीक्षा सांगतो. तुम्ही जे लपवलंय ते उद्या खेळणाऱ्याला कळलं तर तो काय म्हणेल? 'अरे वा, असं होतं होय!' म्हणून हसेल की 'मला बनवलं' म्हणून तोंड फिरवेल? इमॅन्युएल कांट यांनी १७९५ साली चिरंतन शांततेवरच्या निबंधात राज्यकर्त्यांना जवळपास हीच कसोटी लावली होती. जे धोरण उघड करता येत नाही ते अन्यायाचं समजावं. (कांट उंदीर-मोदकाचा गेम खेळतायत अशी कल्पना करून पाहिली, जमली नाही.)

ही परीक्षा मोठ्यांच्या बाजारात लावली की फार गोष्टी नापास होतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्सशी ५२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खाजगी माहितीसंबंधीच्या दंडाचे होते आणि साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी. या दुसऱ्या रकमेमागचं कारण असं की बटणांची रचनाच अशी होती, की नुसती वस्तू बघायला जावं आणि शेजारच्या बटणावर बोट पडून ती विकत घेतली जावी. कायोटी टाइममध्ये नियम बोटाची चूक पोटात घालतो, इथे त्याच चुकीचे पैसे वसूल होतात. तंत्र तेच, ज्ञान तेच. मिटल्या पेटीत काय निघेल हे न सांगता पैसे घेणाऱ्या 'लूट बॉक्स'ना बेल्जियमच्या जुगार आयोगानं २०१८ साली जुगार ठरवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. आणि हे गेमवाल्यांपुरतंच आहे असं समजू नये. 'सभासदत्व रद्द करा' हे बटण पानावर कुठे आणि किती फिकट रंगात ठेवायचं, यावर तासन्‌तास चाललेल्या बैठका मी माझ्या धंद्यात पाहिल्या आहेत. त्या खोलीतले सगळे सुशिक्षित, घरी मुलांना 'खोटं बोलू नये' सांगणारे लोक असतात.

पण माझी ही परीक्षा सगळीकडे पुरत नाही आणि ती जिथे तोकडी पडते ती जागा मला जास्त छळते. हनोईच्या डोंग न्गुएन यांनी २०१३ साली दोन-तीन दिवसांत 'फ्लॅपी बर्ड' नावाचा गेम केला. एक पक्षी, काही नळ्या, मधून उडत जायचं. २०१४ च्या जानेवारीत तो जगभर पहिल्या क्रमांकावर गेला. जाहिरातींचे रोज पन्नास हजार डॉलर येतात, असं त्यांनीच एका मुलाखतीत सांगितलं. आणि फेब्रुवारीत त्यांनी तो स्वतः मागे घेतला. लोकांना त्याचं व्यसन लागतंय, हे त्यांनी कारण दिलं. त्या गेममध्ये लपवलेलं काहीच नव्हतं. खोटं दार नव्हतं, मिटलेली पेटी नव्हती. कांटच्या कसोटीला तो शंभर टक्के उतरतो. मग या माणसाला कसली टोचणी लागली असेल?

आपल्याकडे याच प्रश्नाची एक भयंकर गोष्ट आहे. कुरुसभेतल्या द्यूतात नियम सगळ्यांना माहीत होते. दुर्योधनाच्या वतीनं शकुनी फासे टाकणार हेही उघड होतं. एकासाठी दुसऱ्यानं खेळणं योग्य नाही असं युधिष्ठिर म्हणालासुद्धा, आणि तरी खेळायला बसला, कारण आव्हान नाकारायचं नाही हे त्याचं व्रत होतं. पुढे द्रौपदीनं विचारलं, आधी कोण हरलं, ते की मी? सभेतले ज्ञानी त्या प्रश्नाचा नियमांच्या चौकटीत कीस काढत बसले. भीष्मांनी धर्म सूक्ष्म आहे म्हणून हात टेकले. एकटा विकर्ण उठून म्हणाला की हे चूक आहे. संमती होती, नियम उघड होते, आणि तरी ते चूक होतं. मला वाटतं, त्याचं एक कारण असं की युधिष्ठिराला उठता येत नव्हतं. तो प्रत्येक दान हरत होता आणि प्रत्येक दानानंतर पुन्हा बसत होता. त्याला उठता येत नाही हे शकुनीला खेळ सुरू होण्यापूर्वीच ठाऊक होतं.

म्हणजे आत यायचं दार खरं हवं, तसं बाहेर पडायचंही हवं. आजकाल मुलांच्या फोनवर 'सलग चाळीस दिवस खेळलास, आज चुकवलंस तर सगळं शून्य' असं सांगणारे गेम असतात. त्यात काहीच लपवलेलं नसतं, उलट ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. पण तो उठू पाहणाऱ्याच्या हाताला धरून बसवण्याचा प्रकार आहे. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करतात हे खरं, पण त्याचे जोडे लपवत नाहीत. (लग्नातले सोडून!) न्गुएन यांनी गेम मागे घ्यायलाच हवा होता असं मी म्हणणार नाही. दहा मिनिटांत कंटाळा येईल असाच गेम करावा, असा नियम केला तर बुद्धिबळही बंद करावं लागेल. पण त्यांना तो प्रश्न पडला, आणि पैसे येत असताना पडला, याचं मोल मी फार मानतो.

मग पालक विचारतात, एवढं सगळं आहे तर मुलांना या वाटेला लावावंच का? करिअर म्हणून मी तरी गळ घालणार नाही. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत या उद्योगात जगभर हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' हा देखणा गेम केला, प्राचीन भारतातली एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधतेय असा. तो मी अभिमानानं लोकांना दाखवतो. पण असे किती निघतात? तरीही बनवावा, आणि लहानपणीच बनवावा, असं मला वाटतं. नवशिक्याच्या गेमवर कोणाचा पगार अवलंबून नसतो. दार उघडं ठेवलं काय नि बंद ठेवलं काय, तिमाही अहवालात फरक पडत नाही. त्यामुळे 'भावाला काय वाटेल' या एकाच प्रश्नावर निर्णय घेण्याची चैन त्याला परवडते. पंधरा वर्षांनी बैठकीत बसल्यावर तो प्रश्न पहिल्यांदा सुचणं कठीण असतं.

दुसरं असं, की नियम करून पाहिलेल्या मुलाला नियम दिसू लागतात. वर्गात एकदा मी मोक्षपटाचं चित्र नेलं होतं. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. सापांना दुर्गुणांची नावं, शिड्यांना सद्गुणांची, सगळ्यात वर मोक्ष. मी मोठ्या हौसेनं सांगितलं की बघा, खेळातून नीतिशिक्षण! एका मुलानं शांतपणे विचारलं, "पण काका, मी कुठे जायचं ते कवड्याच ठरवतायत. मग पाप माझं कसं?" चित्रात कर्म आहे आणि नियमात नशीब! यावर कीर्तनकार काही सांगू शकतील, मी चहा घ्यायला गेलो.

आणि मुलं नियम बदलूही लागतात. स्क्रॅचवर प्रकाशित केलेला कोणताही गेम आतून उघडून बघता येतो, त्याची आपली प्रत करून बदलता येते. वर्ग संपत आला तेव्हा उंदीरवाल्या धाकट्या भावानं तेच केलं. बहिणीच्या गेमची प्रत काढली, उडीचा आकडा शोधला, दहाचे वीस केले आणि उंदीर थेट सोनेरी दारात! बहिणीनं आकाशपाताळ एक केलं, "रडीचा डाव!" तो म्हणाला, "ही माझी कॉपी आहे." दोघंही बरोबर होते असं माझं मत. तिचा डाव तिनं मांडला होता, त्यानं स्वतःचा मांडला. त्यानं तिच्याच गेमवर गुपचूप आकडा बदलून 'मी जिंकलो' म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या गेम बनवण्याच्या साधनाच्या कंपनीनं गेम दर वेळी कोणाच्या यंत्रावर बसवला की शुल्क, असा नवा नियम काढला. आधीच बाजारात असलेल्या गेमनाही तो लागू होणार होता. तेव्हा जगभरच्या गेम बनवणाऱ्यांनी बहिणीसारखाच आकांत केला. डाव अर्ध्यावर आणि नियम बदलतोय! वर्षभरानं कंपनीनं ते शुल्क रद्द केलं, पण तोवर कित्येक जण गोडोकडे वळले होते. रोज दुसऱ्यांसाठी नियम लिहिणारे लोक त्या दिवशी दुसऱ्याच्या नियमाखाली आले होते.

भावंडांचा मिळून आता एकच गेम आहे. सोनेरी दार उघडतं, पण सगळे मोदक गोळा केले तरच. कच्च्या लिंबासाठी वेगळं बटण ठेवायचं यावर एकमत झालंय, त्यावर काय लिहायचं यावर नाही. भावाचं म्हणणं आहे की मांजरानं अधूनमधून झोपलं पाहिजे, कारण खरी मांजरं झोपतात. बहीण म्हणते, मग उंदरानंही झोपायला हवं.